मूर्तीच्या मुक्कामाचे शेवटचे घर

लेवोकेलेन, आदोनारा बेट
रविवार, १३ सप्टेंबर १९९८

आदरणीय इना लुडोविका,

तुम्ही विचारले नसताना आणि माझा तसा अधिकारही नसताना हे पत्र लिहीत आहे, याबद्दल आधी क्षमा मागते. आजवर या घरातून तुम्हाला जी पत्रे गेली ती आईची. मी केवळ पाकिटावर पत्ता घालत असे. आई गेल्यावर ते कामही राहिले नाही. परंतु बाप्तिस्म्याच्या दिवशी धर्ममाता म्हणून तुम्ही मला हातांवर धरले होते, आणि आई सांगे की पाणी डोक्यावर पडताच मी जी रडू लागले ती तुमच्याच खांद्यावर शांत झाले. त्या एका आधारावर हे धाडस करते आहे.

पत्र बापांविषयी आहे. खोबऱ्याच्या गुदामाचा मालक मे महिन्यात शहरातल्या दंगलींना घाबरून निघून गेला. तेव्हापासून गुदामाला कुलूप आहे आणि बापांना काम नाही. मका सलग दुसऱ्या वर्षी करपला. आम्ही दोघे रानकंद उकडून खातो आणि त्याची मला तक्रार नाही. तक्रार आहे ती बापांच्या गप्प बसण्याची. ते घरामागे डोंगराकडे तोंड करून बसून असतात. "बापा, उठा ना," म्हटले की म्हणतात, "उठून करायचं काय ते सांग, मग उठतो." आईच्या जागी गेल्या वर्षापर्यंत तेच जपमाळ सुरू करत. आता माळ खुंटीला आहे.

आज मिस्सानंतर चॅपेलचे काम पाहणाऱ्या सेवेरिनुसकाकांनी ऑक्टोबरची, म्हणजे जपमाळेच्या महिन्याची, यादी वाचली: मरियामातेची मूर्ती कोणत्या संध्याकाळी कोणत्या घरी मुक्कामाला जायची ती. आमचे नाव पहिल्याच आठवड्यात होते. घरी येऊन सांगितले तर बापा म्हणाले, "जा आणि सांग, आमचं घर ओलांडा."

मी म्हटले, "असं कसं सांगू?"

"का? वरच्यानं हे घर कधीच ओलांडलंय. मूर्तीनंही ओलांडावं."

खरे कारण मला ठाऊक आहे. मूर्तीमागून सारी वस्ती येते. जप झाल्यावर प्रत्येकाच्या हातावर कॉफी आणि तीती, म्हणजे भाजून चेचलेला मका, ठेवायची. तीती चेचायची तर मका हवा, आणि आमच्या घरात भाजायला मक्याचा दाणा नाही. आई होती तेव्हा आमच्या घरची तीती सर्वांत पातळ आणि कुरकुरीत म्हणून नावाजलेली. त्या घरातून लोकांना कोरड्या हाताने पाठवायचे, हे बापांना मरणाहून कठीण वाटते.

मी निरोप घेऊन गेले. काकांनी विचारले, "का गं, फेली? कुणाशी काही बिनसलंय का त्याचं?" मला खरे सांगण्याची लाज वाटली. मी माझ्या चपलेकडे पाहत उभी राहिले आणि तशीच परत आले.

इना, आई म्हणे की तुमच्याकडे शब्द असतात. माझ्याकडे पुस्तकातले पुष्कळ आहेत, परंतु बापांसमोर ते उभे राहत नाहीत. दोन ओळी पाठवाल का?

तुमची धर्मकन्या,
फेलिसितास केवा


तवाऊ
२४ सप्टेंबर १९९८

माझी विद्वान फेली,

क्षमा कसली मागतेस गं? तुझं पत्र मी इथल्या बायकांना वाचून दाखवलं, तर फ्लोरेसकडची एक म्हणते, "बिशपांचं आहे का?" मी म्हटलं, "बिशपांची आई शोभेल अशा माझ्या पोरीचं आहे." जिल्ह्यात पहिली आलेली पोरगी मला पत्र लिहिते, यातच माझी छाती फुगली. पण पुढच्या वेळी जरा केस मोकळे सोडून लिही. मी काही परीक्षक नाही.

तुझ्या बापाला मी त्याच्या लग्नाआधीपासून ओळखते. हट्टी खोंड आहे. तुझ्या आईला मागणी घालायला आला तेव्हा मुलीच्या बदल्यात द्यायचा हस्तिदंत कमी पडला, म्हणून अंगणातूनच परत निघाला होता. तुझ्या आजोबांनी हात धरून आत ओढला. तेव्हाही त्याला असंच वाटलं होतं की, देण्याजोगं पुरेसं नाही तर उंबऱ्यात पाऊल कशाला टाकायचं.

त्याला सांग, देव आपल्या माणसांची परीक्षा घेतो. सोनं भट्टीतूनच निघतं. धीर धर म्हणावं, दिवस पालटतील. आणि एक वाडगा मका शेजारून मागितला तर काही आकाश कोसळत नाही.

मी इथं परदेशात मजेत आहे. प्लायवुडच्या कारखान्याचं स्वयंपाकघर तसंच चालू आहे, दोन्ही वेळा माझ्या हातचं खाऊन माणसं ढेकर देतात. यंदा दरवर्षीसारखं भेटींचं खोकं पाठवत नाही एवढंच, जहाजावर चोऱ्या फार वाढल्यात म्हणतात. तू वाळली असशील. आईसारखी हनुवटी वर करून चालत जा.

तुझी,
इना लुडोविका


लेवोकेलेन
मंगळवार, ६ ऑक्टोबर १९९८

प्रिय इना,

तुमचे पत्र वाचून मी पहिल्यांदा मोठ्याने हसले आणि मग आसपास कोणी नाही ना, ते पाहिले. कागदाच्या पाठीमागे छापील स्तोत्र होते. तेही मी वाचून काढले.

तुमचा निरोप मी बापांना शब्दशः ऐकवला. त्यांनी जे उत्तर दिले ते लिहावे की नाही, यावर मी बराच विचार केला. तुम्ही मोकळेपणाने लिहायला सांगितले आहे म्हणून लिहिते, राग मानू नये. बापा म्हणाले, "तिचं पोट भरलेलं आहे, म्हणून तिला भट्टी सुचते."

पण आता येथे जे सुरू झाले आहे ते ऐका. माझ्या गप्प राहण्याने अनर्थ घडला आहे. सेवेरिनुसकाकांनी माझ्या मौनाचा अर्थ लावला की बापांचा कोणाशी तरी अबोला आहे. ज्या घरात कोणाविषयी मनात गाठ आहे तेथे माता मुक्काम करत नाही, ही आपल्याकडची रीत. तेव्हा दार बंद म्हणजे भांडणच, असे साऱ्या वस्तीने धरले. फक्त भांडण कोणाशी, हे कोणालाच कळेना. म्हणून ज्याच्या त्याच्या मनात जे होते ते वर आले!

पहिले आले शेजारचे कोपोंगकाका, ताडीचा बांबू घेऊन. बराच वेळ घसा खाकरत बसले. मग म्हणाले, "लंबेर्तुस, तुझी काजूची रोपं हरणानं खाल्ली, असं मी सगळ्यांना सांगत होतो, ते खोटं. माझी शेळी होती ती."

बापा म्हणाले, "हरीण? आपल्या डोंगरावर हरणं कधी होती रे?"

"म्हणून तर मला वाटलं, तू ओळखलंस!"

"मी काय ओळखणार? मला वाटलं उन्हानं गेली."

कोपोंगकाकांनी कपाळावर हात मारून घेतला. "म्हणजे मी उगाच बोललो?"

दुसऱ्या दिवशी सोमी आजी काठी टेकत आल्या. उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, "तुझ्या बायकोच्या प्रार्थनेच्या जेवणाला भात कच्चा होता, असं मी तीन घरांत जाऊन सांगितलं. घे, बोलले. आता मातेला येऊ दे."

बापा म्हणाले, "कच्चाच होता, आजी."

"हो ना? मग तू रागावलास कशाला?"

"मी कुठं रागावलोय?"

"मग दार का लावलंस?"

येथे बापा थांबले. त्यांनी ओठ उघडले, पण कारण काही सांगितले नाही. म्हणाले, "जा आजी, अंधार पडेल." आणि त्या चिंतातुर होऊन गेल्या, त्यांच्या मते आता गाठ भातापेक्षाही खोल आहे.

काल तर स्वतः सेवेरिनुसकाका आले. गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत पालखीचा पुढचा दांडा बापांचा असताना तो आपल्या मेहुण्याला दिला, हे त्यांनी कबूल केले. त्या रात्री जेवताना बापा एकाएकी हसले. "हरीण!" एवढेच म्हणाले आणि पुन्हा हसले. इना, मी त्यांचा हसण्याचा आवाज विसरत चालले होते.

तरीही दार उघडत नाहीत. काकांनी आमचे नाव यादीत सर्वांत शेवटी, एकतीस तारखेला टाकले आहे. "तोवर जे काय आहे ते मिटव," म्हणाले. त्याही दिवशी दार लागलेले राहिले तर मूर्ती चॅपेलमध्ये परत जाईल. मला भीती वाटते की मग बापा पुन्हा डोंगराकडे तोंड करून बसतील, आणि या खेपेला तेथून उठणार नाहीत. मी स्वतः कोणत्याही घरच्या जपाला जात नाही. ज्यांना आपण बोलावू शकत नाही त्यांच्याकडे जाऊन खाणे मला जमत नाही.

तुमच्याकडून येणारी जहाजे हल्ली गच्च भरून येतात आणि जाताना रिकामी जातात, असे धक्क्यावरचे लोक सांगतात. तुम्ही खरोखर बऱ्या आहात ना?

तुमची,
फेली


तवाऊ
शनिवार, १७ ऑक्टोबर १९९८

माझी फेली,

पोट भरलेलं! अगं, ते वाक्य वाचून मी इतकी हसले की हॉलमधल्या बायका गोळा झाल्या. मग माझं हसणं रडण्यात कधी गेलं ते माझं मलाच कळलं नाही.

तुझ्या बापाच्या दारात सगळी वस्ती कबुलीजबाब देऊन गेली, मग मीच का मागे राहू? ऐक तर. कारखाना जुलैतच बंद पडला. स्वयंपाकघरही गेलं आणि राहायची खोलीही. आम्ही चाळीसएक बायका इथल्या चर्चच्या हॉलमध्ये चटया टाकून झोपतो. फादर जे तांदूळ मिळवून आणतात त्याची पेज करते मी. ढेकर कुणी देत नाही. तू ज्या कागदामागचं स्तोत्र वाचलंस तो इथल्याच कपाटातला. तुला माझी काळजी नको म्हणून खोटं लिहिलं, असं म्हणणार होते, पण तेही पूर्ण खरं नाही. मला लाज वाटली.

आणि ती भट्टी न् ते सोनं खोडून टाक बाई. लोकांना सांगायला बरं असतं ते. इथं चटईवर पडून मला तसं काही वाटत नाही. देव परीक्षा घेत असेल तर आमच्यातल्या निम्म्या केव्हाच नापास झाल्या. मला जे वाटतं ते वेगळंच आहे. पेजेच्या रांगेत उभी राहते ना, तेव्हा वाटतं की तो माझ्या पुढे नाहीतर मागे उभा आहे, हातात वाडगा घेऊन. माझ्यासारखी त्याच्याकडेही कागदपत्रं नाहीत. त्यालाही जन्मताना कुणी खोली दिली नव्हती. तो रांग लवकर सरकवत नाही. पण रांग सोडूनही जात नाही. एवढंच हातात धरून मी उठते, आणि खरं सांगू, उठता येतं.

संध्याकाळी आम्हीही जपमाळ करतो. मूर्ती नाही, बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावर मातेचं चित्र चिकटवलंय. रोज वेगळ्या चटईवर मुक्काम!

इथलं सरकार आम्हाला फुकट परत पाठवतंय. जहाजात जागा आहे. पण मी नाव दिलेलं नाही. तवाऊहून बाई उतरली की गल्लीतली पोरं धक्क्यापासून मागे लागतात. प्रत्येक घराला काहीतरी द्यावं लागतं, एखादी लुंगी, साबण, निदान गोळ्या. मी सोळा वर्षांनी येणार आणि हात हलवत? तुझ्या आईच्या थडग्यावर ठेवायला मेणबत्तीसुद्धा नाही माझ्याकडे. त्यापेक्षा इथंच राहीन, मिळेल ते काम करीन. खोकी भरली की येईन. तोवर बापाला सांभाळ.

हे त्याला वाचून दाखव अगर नको दाखवूस, तुझी मर्जी.

तुझी,
लुडोविका


लेवोकेलेन
रविवार, १ नोव्हेंबर १९९८, सर्व संतांचा सण

माझ्या इना,

तुमचे पत्र शुक्रवारी हाती आले. बापांना दाखवावे की नाही, याचा निर्णय मी करू शकले नाही, म्हणून सुरुवातीच्या ओळी वाचल्या आणि थांबले. ते म्हणाले, "वाच की पुढं." मी शेवटपर्यंत वाचले.

रांगेचा भाग त्यांनी ऐकून घेतला. पण खोक्यांचा मजकूर आला आणि ते ताडकन उभे राहिले. "वेडी झालीय का ही बाई? साबण कुणी मागितलाय तिच्याकडे? सोळा वर्षं झाली, आम्हाला ती हवी का तिची खोकी? माणूस उपाशी चटईवर झोपेल, पण रिकाम्या हातानं आपल्या माणसांत येणार नाही! ही कसली अक्कल म्हणायची? ह्याला काय…"

वाक्य तेथेच राहिले. इना, मी त्यांच्याकडे पाहत होते. जे बोलायचे होते ते त्यांच्या तोंडात अडकले, आणि ते हळूहळू खाली बसले. मग उठले, झाडू घेतला आणि पुढचे अंगण झाडू लागले. मेपासून त्या अंगणात त्यांचे पाऊल नव्हते.

झाडता झाडताच म्हणाले, "सेवेरिनुसला सांगून ये, उद्या मूर्ती आण. आणि या वेळी खरं कारण सांग. चपलेकडे बघू नकोस."

मी गेले. काका आणि काकू दोघेही ओट्यावर होते. मी म्हटले, "बापा म्हणतात, मातेला आणा. आमचा कोणाशीही अबोला नव्हता. घरात वाढायला काही नव्हते, आजही नाही." मी एवढी सलग वाक्ये घराबाहेर क्वचितच बोलले असेन.

काका मटकन खाली बसले. "एवढंच? आणि मी पालखीचं सांगून बसलो!"

काकू मात्र हसू लागल्या. लुंगीच्या टोकाने डोळे पुसत म्हणाल्या, "अगं वेडे, मग कुणाच्या घरात होतं? पहिल्या घरी एक ताट तीती होती आणि डब्यात थोडी साखर. ती त्यांनी मागच्या दारानं दुसऱ्या घराला दिली, दुसऱ्यानं तिसऱ्याला. महिनाभर तेच ताट मातेच्या मागून फिरतंय! सगळ्यांना ठाऊक, म्हणून सगळे आपले एक दाणा उचलतात, तोंडाशी नेतात, 'वा, छान' म्हणतात आणि खिशात टाकून नंतर हळूच परत ताटात. तू एक दिवस जरी जपाला आली असतीस तर कळलं असतं."

काल सायंकाळी मूर्ती आली. बापांनी आईची लुंगी खांद्यावर टाकली होती, दारात मेणबत्ती धरून उभे होते. लोक अंगणात थबकले, कारण आता काय होईल ते कोणालाच माहीत नव्हते. बापा म्हणाले, "घरात काही नाही. आत या." मूर्ती त्यांनी स्वतःच्या हातांनी घेतली. जपमाळ खुंटीवरून काढून सुरू केली, आणि तिसऱ्या 'नमो मरिया'ला ते अडखळले. तेव्हा सोमी आजींनी लगेच सूर उचलला. त्या काही क्षणांत बापांना सावरता आले. वस्तीत असे गाणे मी पूर्वी ऐकले होते ते आईला पोहोचवताना. काल तेच लोक होते, तेच सूर होते, पण ऐकताना मला कोणाला निरोप देतो आहोत असे वाटले नाही.

जप संपताना कोपोंगकाकू ताट घेऊन नेहमीप्रमाणे मागच्या दाराशी आल्या. बापांनी ते पाहिले. म्हणाले, "कोपोंगची बायको, पुढच्या दारानं आण. आता कुणापासून लपवायचंय?" सारे घर हसू लागले, मुले, म्हातारे, सेवेरिनुसकाका, सगळे.

आमचे घर शेवटचे होते, इना. ते ताट आता पुढे कोठेही जायचे नव्हते. म्हणून काल सर्वांनी ती तीती खरोखर खाल्ली. प्रत्येकाला चिमूटभर आली. सोमी आजी म्हणाल्या, "मऊ पडलीय," आणि आणखी मागितली.

आज सकाळी घरात मका नाही, गुदामाला कुलूप आहे, आभाळ कोरडे आहे. काहीही पालटलेले नाही, हे मी मुद्दाम लिहिते, कारण आपल्यात पुन्हा खोटे काही राहू नये. परंतु बापा पहाटेच उठले. उठून काय करायचे, ते त्यांनी मला विचारले नाही. कोपोंगकाकांसोबत विहिरीचा गाळ काढायला गेले.

आत्ता ते माझ्याजवळ बसून हे पत्र माझ्या खांद्यावरून पाहत आहेत आणि म्हणतात, "फार लांबवतेस. माझं लिही." त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते:

"लुडोविका, जहाजात नाव दे. इथं खायला काही नाही, ते आपण तिघं मिळून खाऊ. खोकं एकही आणू नकोस. धक्क्यापासून घरापर्यंत चढ आहे आणि माझी पाठ पूर्वीची राहिलेली नाही. हात रिकामे असले की तुझं ओझं मला उचलावं लागणार नाही, माझी तेवढीच सोय. गल्लीतली पोरं मागे लागली तर त्यांना मी बघतो. तू फक्त उतर."

मी यात काही भर घालत नाही. प्रत्येक जहाजाला आम्ही धक्क्यावर असू.

तुमची फेली

(रिकाम्या परतणाऱ्या जहाजाच्या खलाशाकडे, धक्क्यावर, स्वतःच्या हाताने दिले: रविवार, १ नोव्हेंबर १९९८, दुपारी ३ वाजून २० मिनिटे.)